मध्ये एक रात्र हवी

जानेवारी 1637. पॅरिसच्या मारे नाट्यगृहात पिएर कोर्नेयचं 'ल सिद' लागलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पाठोपाठ वाद पेटला. झॉर्झ द स्क्युदेरी या दुसऱ्या नाटककाराने दोषांची जंत्री छापली, तिला उत्तरं आली, उत्तरांना प्रत्युत्तरं आली, आणि अखेर कार्दिनाल रिशल्यूच्या इच्छेवरून प्रकरण फ्रेंच अकादमीकडे गेलं. अकादमी तेव्हा अवघी दोन वर्षांची होती. नायिकेने बापाच्या मारेकऱ्याशी लग्नाला तयार व्हावं का, एका दिवसात इतक्या घटना कशा मावतात, अशा मोठमोठ्या आक्षेपांच्या गर्दीत अकादमीने एका क्रियापदावरही बोट ठेवलं. त्या सगळ्या निकालात मला तोच शेरा सर्वांत मोलाचा वाटतो.

दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश आहे. दों गोमेस या उमरावाने थोड्याच वेळापूर्वी म्हाताऱ्या दों दिएगच्या थोबाडीत मारली आहे. आता तो एका दरबाऱ्याजवळ कबुली देतो, की त्याचा अपमान केला तेव्हा माझं डोकं जरा तापलं होतं. या 'केला'साठी कोर्नेयने पासे सँप्ल वापरला, म्हणजे एकाच शब्दाचा, सहायक क्रियापद नसलेला भूतकाळ. अकादमीने म्हटलं, इथे हा काळ चालणार नाही. कृत्य नुकतंच घडलं आहे. त्याच्या आणि बोलण्याच्या मध्ये रात्र गेलेली नाही. म्हणून 'आव्हुआर' हे सहायक क्रियापद घेणारा पासे काँपोझे हवा.

कोर्नेयने पुढे या ओळी बदलल्या. 1660 च्या आवृत्तीत उमरावाची कबुली वेगळ्या शब्दांत येते आणि तिच्यातली क्रियापदं पासे काँपोझेत आहेत. मूळ पाठ आणि सुधारलेला पाठ शेजारी ठेवले, की त्या शतकात भूतकाळ या गोष्टीकडे माणसं किती बारकाईने बघत होती ते डोळ्यांना दिसतं. गंमत बघा, नाटकाचं सगळं कथानक एका दिवसात बसवायचं हा रंगभूमीचा नियम, आणि आजच्या दिवसात घडलेल्या गोष्टीला पासे सँप्ल लावायचा नाही हा व्याकरणाचा. दोन्ही काटेकोर पाळले, तर नाटकातल्या पात्रांना रंगमंचावर घडलेल्या कुठल्याच गोष्टीबद्दल पासे सँप्लमध्ये बोलता येणार नाही.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. सकाळी कॉलेजची मुलं, संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर येणारी मंडळी. पहिल्या वर्षी सगळे उत्साहात असतात. दुसऱ्या वर्षी भूतकाळ सुरू होतो आणि चेहरे बदलतात. पासे काँपोझे, अँपारफे, प्लु-क-पारफे, त्यावर पुस्तकांतून भेटणारा पासे सँप्ल. मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, जो काळ फ्रान्समध्ये कुणी बोलतच नाही, तो आम्ही का शिकायचा?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर 'परीक्षेला आहे म्हणून' असं देणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मी त्या दिवशी पाठ्यपुस्तक मिटते आणि ही थोबाडीत मारल्याची गोष्ट सांगते.

वर्गात दहावीपर्यंत संस्कृत केलेलं कुणी असलं, तर काम आणखी सोपं होतं. महाराष्ट्रातल्या शाळांत ज्याला आपण 'प्रथम भूतकाळ' म्हणतो, त्या लङ् लकाराचं पाणिनीने सांगितलेलं लक्षण आहे 'अनद्यतन', म्हणजे आजचा नसलेला. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, 110 व्या सूत्रात सर्वसाधारण भूतकाळासाठी लुङ्, पुढच्याच सूत्रात अनद्यतन भूतकाळासाठी लङ्, आणि 115 व्या सूत्रात बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या गोष्टीसाठी लिट् सांगितला आहे. आपण शाळेत रूपं पाठ केली, 'अगच्छत्, अगच्छताम्, अगच्छन्', पण हा काळ कालपर्यंतच्याच गोष्टींसाठी आहे हे फार कमी जणांच्या लक्षात राहिलं. मग 'आज' म्हणजे कुठून कुठपर्यंत? काशिकावृत्तीत जुन्या आचार्यांची दोन मतं दिली आहेत. एक मत, माणसाच्या रीतसर उठण्यापासून रीतसर निजण्यापर्यंत. दुसरं, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. आणि ही मतं ज्या सूत्रावर दिली आहेत त्या सूत्रात पाणिनी म्हणतो, की असल्या व्याख्या व्याकरणात शिकवण्याची गरजच नाही, त्या लोकव्यवहारातून कळतात.

पॅरिसच्या अकादमीतल्या कुणालाही पाणिनी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरीही दोघांनी भूतकाळाची वाटणी एकाच ठिकाणी केली: रात्रीपाशी. मला हा योगायोग वाटत नाही. झोप लागून पुन्हा जाग आली, की कालचा दिवस आपल्या हातून सुटलेला असतो, आणि भाषा बोलणाऱ्या माणसांना हे व्याकरणकारांच्या आधीपासून माहीत असतं.

फ्रेंचमधले हे दोन काळ आले कुठून ते पाहू. लॅटिनमध्ये 'कांतावी' म्हणजे 'मी गायलो'. तो शब्द तोंडातोंडी झिजत 'शांते' झाला, हाच पासे सँप्ल. दुसरा काळ एका वेगळ्याच वाक्यरचनेतून निघाला. रोमन माणूस 'माझ्याजवळ लिहिलेली पत्रं आहेत' असं म्हणे. यात क्रियापद 'असणं, जवळ बाळगणं' आणि 'लिहिलेली' हे पत्रांचं विशेषण. शतकानुशतकं वापरून 'माझ्याजवळ लिहिलेली पत्रं आहेत'चं 'मी पत्रं लिहिली आहेत' झालं. म्हणजे पासे काँपोझे मुळात भूतकाळ नव्हताच, तो वर्तमानकाळ होता. काम मागे झालं, पण त्याचं फळ आत्ता माझ्या हातात आहे. हे एकदा समजलं, की तो आजच्या दिवसाला का चिकटून राहिला ते वेगळं सांगावं लागत नाही.

जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशा क्रियापदांना 'आव्हुआर'ऐवजी 'एत्र' हे सहायक क्रियापद का लागतं, हा मुलांचा दुसरा नेहमीचा प्रश्न. त्यांना पाठ करायला घराचं चित्र दिलेलं असतं, दारातून आत जाणारा, जिना चढणारा, खिडकीतून पडणारा माणूस. चित्र उपयोगी आहे, पण मराठी मुलांना त्याची फारशी गरज नाही. आपण 'त्याने चिठ्ठी लिहिली' म्हणतो आणि 'तो गेला' म्हणतो. 'त्याने गेला' कधीच म्हणत नाही. 'ती गेली', 'त्या गेल्या' यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे लिंग-वचन बदलतं. फ्रेंचमध्येही 'एत्र' घेणाऱ्या या क्रियापदांचं कृदन्त तसंच बदलतं. जो भेद शिकवायला लंडनच्या शिक्षिकेला घाम फुटेल, तो पुण्यातली मुलं घरून घेऊन येतात.

आणि हे नुसतं साम्य नाही. आपल्याकडेही तीच घटना घडली. संस्कृतमधले लङ्, लुङ्, लिट् प्राकृतांत विरत गेले आणि त्यांच्या जागी कृदन्त आलं: 'मया लिखितम्', 'सा गता'. त्याच्याच वंशात आपली 'लिहिलं', 'गेली' ही रूपं आहेत. झ्युल ब्लोक या फ्रेंच विद्वानाने मराठीच्या जडणघडणीवर जो ग्रंथ लिहिला, तो 1920 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. वा. गो. परांजप्यांनी 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो मराठीत आणला. ब्लोक हा आंत्वान मेयेचा शिष्य. आणि हा मेये कोण, तर फ्रेंचमधल्या पासे सँप्लच्या मृत्यूवर 1909 मध्ये निबंध लिहिणारा भाषाशास्त्रज्ञ. गुरूने आपल्या भाषेतला एक जुना भूतकाळ कसा गेला ते शोधलं, शिष्याने आपल्या मराठीचं 'ल' कुठून आलं ते शोधलं. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाने हे दोन अभ्यास एका नजरेने वाचावेत, असं मला फार वाटतं.

अकादमीने लावलेला तो रात्रीचा, म्हणजेच चोवीस तासांचा, नियम लिहून ठेवण्याचं श्रेय सहसा आंरी एस्तिएनला देतात. नामांकित मुद्रक घराण्यातला हा माणूस ग्रीकचा गाढा पंडित होता. फ्रेंच भाषा लॅटिनपेक्षा ग्रीकला जवळची आहे, हे दाखवण्याची त्याला हौस होती, आणि 1560 च्या दशकात त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं. ग्रीकमध्ये एक 'आओरिस्ट' आहे, फ्रेंचमध्येही तसाच काळ आहे, आणि फ्रेंच माणूस तो आजच्या दिवसासाठी वापरत नाही, असं त्याचं निरीक्षण. 1660 मध्ये पोर-रुआयालच्या मठाशी संबंधित आर्नो आणि लांस्लो यांनी आपल्या सुप्रसिद्ध व्याकरणात तेच मांडलं: बोलण्याच्या क्षणापासून किमान एका दिवसाच्या अंतरावरची गोष्ट असेल, तरच पासे सँप्ल.

इथे विद्यार्थ्यांना हमखास चकवणारा एक गोंधळ आहे. पोर-रुआयालच्या ग्रंथात पासे काँपोझेला 'निश्चित' भूतकाळ म्हटलं आहे आणि पासे सँप्लला 'अनिश्चित'. पुढच्या व्याकरणकारांनी नावं नेमकी उलटी केली. एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक उघडलं, तर 'निश्चित' म्हणजे पासे सँप्ल. 1910 मध्ये फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने व्याकरणाच्या संज्ञा ठरवून दिल्या आणि 'साधा' व 'संयुक्त' ही नावं शाळांत रुजली. जुन्या ग्रंथांतून काम करणाऱ्याने छापल्याचं साल आधी बघावं, नाहीतर सगळा अर्थ उलटा लागतो.

नियम पुस्तकात पक्का होत असतानाच बोलण्यात मात्र सैल होत होता. आजची गोष्ट सांगणारा पासे काँपोझे हळूहळू कालचीही सांगू लागला, मग गेल्या वर्षीची, मग आजोबांच्या काळातली. याची कारणं एकाहून जास्त आहेत. एक अगदी कानाचं आहे. 'मी गायलो'चं पासे सँप्ल 'झ शांते', आणि 'मी गात होतो'चं अँपारफेही कानाला जवळपास तेच; आज अनेक फ्रेंच माणसांच्या उच्चारात त्यांत फरक उरलेला नाही. दुसरं कारण रूपांचं. 'आम्ही गायलो' हे 'शांताम', 'तुम्ही गायलात' हे 'शांतात', आणि अनियमित क्रियापदांची रूपं तर एकेक वेगळीच. उलट पासे काँपोझेला एक कृदन्त आणि दोन सहायक क्रियापदं पुरतात. मेयेने दाखवलं, की ही एकट्या फ्रेंचची कथा नाही. उत्तर इटलीत आणि दक्षिण जर्मनीतही बोलण्यातला साधा भूतकाळ असाच मागे हटला. फ्रान्समध्ये ही लाट पॅरिसभोवतालच्या प्रदेशातून बाहेर पसरत गेली. झ्युल झिलिएरोंने फ्रान्सच्या बोलींचा नकाशासंग्रह करायला घेतला तेव्हा त्याच्यासाठी एदमों एदमों हा गृहस्थ 1897 पासून गावोगाव फिरला. 639 ठिकाणी त्याने स्थानिक माणसांना बसवून एकच प्रश्नावली विचारली आणि ऐकलेलं जसंच्या तसं टिपलं. दक्षिणेत आणि नॉर्मंडीच्या काही भागांत तेव्हाही जुना काळ लोकांच्या तोंडी होता. राजधानीत मेलेला भूतकाळ खेड्यात जिवंत होता.

आता ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त लाल शाई सांडते, तो. 'आव्हुआर'बरोबरचं कृदन्त कर्माप्रमाणे कधी बदलायचं? नियम असा: कर्म क्रियापदानंतर आलं तर कृदन्त तसंच राहतं, आधी आलं तर लिंग-वचन घेतं. याचा इतिहास क्लेमां मारो या कवीपर्यंत जातो. राजा पहिला फ्रांस्वा याच्या पदरी असलेला हा कवी धर्मसुधारकांशी जवळीक असल्याच्या संशयावरून पळाला, इटलीत आधी फेरारा आणि मग व्हेनिस इथे राहिला आणि परत आला. 1538 मध्ये त्याने आपल्या शिष्यांसाठी एक छोटी कविता लिहिली. तिचा विषय हाच: आधी येणारा शब्द मागून येणाऱ्यावर सत्ता गाजवतो, आणि इटालियन भाषेतही असंच आहे. कवितेत मांडलेला व्याकरणाचा नियम पावणेपाचशेहून जास्त वर्षं शाळकरी मुलांच्या मानगुटीवर बसावा, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

मारोच्या आधी लोक दोन्ही प्रकारे लिहीत, त्याच्यानंतरही पुष्कळ काळ लिहीत राहिले. व्होझला या व्याकरणकाराला 1647 च्या आपल्या 'रमार्क'मध्ये त्यावर लांबलचक टिपण लिहावं लागलं. 1900 च्या जुलैत शिक्षणमंत्री झॉर्झ लेग यांनी परीक्षांत हे कृदन्त न बदलणं चालवून घ्यावं असा आदेश काढला. अकादमीने हरकत घेतली. फेब्रुवारी 1901 मध्ये सुधारित आदेश आला आणि त्यात सवलत उरली ती थोड्या प्रकारांपुरती, जसं कृदन्तामागून दुसरं क्रियापद येतं तिथे. 2018 साली बेल्जियमच्या आर्नो होएत आणि झेरोम पिरों या दोन माजी शिक्षकांनी पॅरिसच्या 'लिबेरास्यों' दैनिकात लेख लिहून पुन्हा तीच मागणी केली: 'आव्हुआर'बरोबरचं कृदन्त कायमचं स्थिर करा. त्यांच्या म्हणण्यानुसार शाळेतले सरासरी 80 तास या एका गोष्टीवर खर्च होतात. त्या तासांत मुलं कितीतरी साहित्य वाचतील, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. तरीही हा नियम मी मनापासून शिकवते, कारण त्याच्यात त्या जुन्या रोमन वाक्याचा अंश आहे. पत्रं आधी समोर असतील, तर 'लिहिलेली' हे त्यांचं विशेषण आहे हे कान विसरत नाही.

मराठी मुलं इथे एक खास चूक करतात, जी मी इतर भाषांच्या मुलांच्या वह्यांत सहसा पाहिलेली नाही. 'मी चिठ्ठी लिहिली' यात आपलं क्रियापद चिठ्ठीप्रमाणे स्त्रीलिंगी होतं, चिठ्ठी कुठेही असो. त्या सवयीने मुलं फ्रेंचमध्येही कृदन्ताला सरसकट स्त्रीलिंगी 'ए' जोडतात. मी त्यांना एकच युक्ती देते. फ्रेंच वाक्य मराठीत 'मी लिहिलेली चिठ्ठी' असं फिरवता आलं, म्हणजे चिठ्ठीकडे बोट करून मग लिहिण्याबद्दल बोलत असाल, तर 'ए' लावा. 'मी चिठ्ठी लिहिली' असं सरळ म्हणत असाल, तर हात आवरा. 'तिने हात धुतले' आणि 'तिने स्वतःला धुतलं' या वाक्यांतला फ्रेंच फरकही याच वाटेने सुटतो. पहिल्यात धुतले जाणारे हात क्रियापदामागून येतात, म्हणून कृदन्त तसंच. दुसऱ्यात 'स्वतःला' आधी आलं आहे, म्हणून ते तिच्याप्रमाणे बदलतं.

अँपारफेबद्दल थोडक्यात. 'जात असे, जायचा, जात होता' हे तिन्ही त्यात मावतात. त्याच्या शेवटी आज जे 'ए-आय-एस' लिहितात, तिथे अठराव्या शतकातल्या पुस्तकांत 'ओ-आय-एस' दिसतं. उच्चार केव्हाच बदलला होता. व्होल्तेर नव्या वर्णलेखनाचा आग्रह धरून स्वतः तसं लिहीत राहिला, आणि अकादमीने ते स्वीकारलं 1835 च्या कोशात. 'फ्रांसे' हा शब्दसुद्धा त्याच वेळी आजच्यासारखा लिहिला जाऊ लागला. जुनी छापील पानं वाचताना घाबरलेल्या विद्यार्थ्याला एवढं सांगितलं तरी त्याची अर्धी भीती जाते.

बोलण्यातून गेलेला पासे सँप्ल कागदावर मात्र आणखी श्रीमंत झाला, आणि माझ्या मते फ्रेंच भूतकाळाच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. 1920 च्या जानेवारीत 'नुव्हेल रेव्ह्यू फ्रांसेज'मध्ये मार्सेल प्रुस्तने फ्लोबेरच्या शैलीवर लेख लिहिला. फ्लोबेरला उत्तम शैलीकार मानायला नकार देणाऱ्यांना ते उत्तर होतं. प्रुस्तचं म्हणणं, फ्लोबेरने 'निश्चित' आणि 'अनिश्चित' भूतकाळ, वर्तमान कृदन्त, काही सर्वनामं आणि शब्दयोगी अव्ययं अशा नव्या रीतीने वापरली, की जगाकडे पाहण्याची आपली दृष्टीच कांटच्या तत्त्वज्ञानाइतकी बदलली. संज्ञा अजून जुन्याच आहेत, 1910 चा आदेश प्रुस्तच्या लेखणीपर्यंत पोचलेला नाही. 'लेद्युकास्यों सांतिमांताल' या फ्लोबेरच्या कादंबरीतली एक जागा त्याला सर्वांत थोर वाटते. 1851 च्या सत्तापालटात रस्त्यावर एक सज्जन माणूस मारला जातो आणि प्रकरण तिथेच संपतं. पुढचं प्रकरण सुरू होतं ते नायकाच्या प्रवासाबद्दलच्या दोन शब्दांच्या, पासे सँप्लमधल्या वाक्याने. मधली कोरी जागा आणि ते दोन शब्द, एवढ्यात पंधरा-सोळा वर्षं निघून जातात. पासे काँपोझेत हे साधलंच नसतं. त्याने नायकाला आपल्याजवळ ओढून आणलं असतं.

1942 मध्ये काम्यूने उलटं केलं. 'लेत्रांझे' ही सबंध कादंबरी त्याने पासे काँपोझेत सांगितली. 'आज' हा तिचा पहिलाच शब्द आहे, आणि कोर्नेयच्या काळच्या अकादमीलाही तिथे हाच काळ योग्य वाटला असता. पण काम्यू पुढे खुनापर्यंत, खटल्यापर्यंत तोच काळ रेटत नेतो. सार्त्रने पुढच्याच वर्षी आपल्या निबंधात दाखवलं, की अशाने प्रत्येक वाक्य एकेकट्या बेटासारखं होतं, मागच्या वाक्यातून पुढचं निघत नाही. 1959 मध्ये भाषाशास्त्रज्ञ एमिल बँव्हनिस्तने या सगळ्याला शास्त्रीय रूप दिलं. फ्रेंचमध्ये भूतकाळ सांगण्याच्या दोन व्यवस्था आहेत, असं तो म्हणतो. एकीत 'मी', 'तू', 'इथे', 'आत्ता' असतात, तिथे पासे काँपोझे. दुसरीत घटना स्वतःच स्वतःला सांगतात, सांगणारा कुणी नसतो, तिथे पासे सँप्ल. रात्रीची सीमा पुसली गेली होती, पण तिच्या जागी नवी सीमा उभी राहिली: सांगणारा हजर आहे की नाही. पाणिनीच्या लिट् लकारातलं 'परोक्ष' ज्यांना आठवतं, त्यांना हे ओळखीचं वाटेल. बँव्हनिस्तलाही संस्कृत उत्तम येत होतं, तो मेयेच्याच हाताखाली घडला होता.

आनी एर्नो, जिला 2022 चं नोबेल मिळालं, आपल्या वडिलांवर 'ला प्लास' लिहिताना पासे सँप्ल बाजूला ठेवते. वडील नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात छोटं कॅफे आणि वाण्याचं दुकान चालवत. त्यांच्या आयुष्यावर साहित्याची झूल तिला नको होती. वर्गात हे पुस्तक वाचताना मी एखादा परिच्छेद मुलांना पासे सँप्लमध्ये बदलायला सांगते. बदलून झाल्यावर कुणी काही बोलण्याआधीच कळतं, की वडील दूर गेले, एखाद्या जुन्या कादंबरीतले कुणीतरी झाले.

माझ्या पिढीने फ्रेंच शिकलं ते गास्तों मोझेच्या निळ्या पुस्तकातून. 1953 चं ते पुस्तक, त्यातलं कॅनडाहून पॅरिसला आलेलं वँसां कुटुंब, त्यांचं जेवण, त्यांची खरेदी, आणि पानापानावर व्याकरणाचे चौकोन. त्याच सुमारास भाषाशास्त्रज्ञ झॉर्झ गुगेनेम आणि त्यांचे सहकारी टेपरेकॉर्डर घेऊन लोकांचं बोलणं साठवत होते. 275 माणसं, तीन लाखांवर शब्द. त्यातून रोजच्या फ्रेंचचा पाया ठरला, आणि परदेशी माणसाला शिकवण्याच्या पहिल्या पायरीतून पासे सँप्ल गळला. आजची पाठ्यपुस्तकं त्याच निर्णयाची नातवंडं आहेत. पहिल्या दोन वर्षांपुरता तो निर्णय मला योग्य वाटतो. पॅरिसच्या बेकरीत उभं राहून पासे सँप्लमध्ये बोलणारा परदेशी माणूस कुणालाही विचित्रच वाटेल. पण पुढच्या वर्षांत तो शिकवलाच नाही, तर फ्लोबेर, मोपासां, पेरो यांच्यापुढे मुलं परकी उभी राहतात. आपल्याकडेही 'तो रोज नदीवर जाई, येताना फुलं आणी' असं आज कुणी बोलत नाही, सगळे 'जायचा, आणायचा' म्हणतात. म्हणून 'जाई' आणि 'आणी' न समजणाऱ्या मुलाला मराठी कथा वाचता येईल का?

फ्रान्समध्येही हा वाद ताजा आहे. 2016 च्या अभ्यासक्रमाने प्राथमिक शाळेच्या शेवटच्या टप्प्यात पासे सँप्ल फक्त तृतीय पुरुषात शिकवायचं ठरवलं आणि बरीच टीका झाली. मुलांच्या 'ल क्लब दे सँक' या साहसकथांच्या नव्या आवृत्त्यांत पासे सँप्ल काढून वर्तमानकाळ घातला, तेव्हाही पालक चिडले. तृतीय पुरुषापुरतं मर्यादित ठेवण्याला माझा विरोध नाही, गोष्टी बहुतेक त्याच पुरुषात असतात. गोष्टींतून तो काढून टाकण्याला मात्र आहे. कारण फ्रेंच मुलं हा काळ शाळेच्या आधी, गोष्टी ऐकूनच शिकतात. घरात तो कुणी बोलत नाही, तरी चार-पाच वर्षांचं मूल स्वतःची गोष्ट रचायला बसलं, की एकदम 'इल प्रना' म्हणून टाकतं. 'त्याने घेतलं'चं खरं रूप आहे 'इल प्री'. मूल चुकतं, पण काळ बरोबर निवडतं: गोष्ट सुरू झाली आहे, आता हा काळ हवा, हे त्याला कळलेलं असतं. माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी पेरोच्या 1697 च्या परीकथा मोठ्याने वाचते. पुस्तक मुलांसमोर नसतं. पासे सँप्ल ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा, अँपारफेला नाही. रूपांचा तक्ता मी त्यानंतरच्या आठवड्यात देते.